गंधक वेचणारी चुंबकीय पॉलिमर भुकटी काम करेनाशी झाली, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

इंधनातील गंधकयुक्त संयुगे, त्यातही डायबेन्झोथायोफीन (पुढे डीबीटी), वेचून काढण्यासाठी मॅग्नेटाइटच्या (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या) कणावर सिलिकाचा थर आणि त्यावर डीबीटीच्या आकाराच्या पोकळ्या असलेले पॉलिमर चढवून जी काळी-तपकिरी भुकटी तयार करतात, तिच्याविषयी मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून माझ्याकडे एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: "सर, भुकटीने काम करणे सोडले." विद्यार्थी बहुतेक वेळा ती भुकटी फेकून नवी करायला घेतात, त्यात महिना जातो, आणि नवी भुकटीही तशीच निघते. माझा अनुभव असा आहे की भुकटी खरोखर बिघडलेली क्वचितच असते. एक तर मोजणी चुकलेली असते, नाही तर धुणे अपुरे राहिलेले असते. म्हणून नवे संश्लेषण हाती घेण्यापूर्वी पुढील क्रमाने जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लक्षणे

आपली तक्रार पुढीलपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी वहीत लिहून ठेवावे, कारण प्रत्येक लक्षणाचा रोख वेगळ्या कारणाकडे असतो.

– पहिल्या वापरात गंधक चांगले उतरते, पण तिसऱ्या-चौथ्या वापरापर्यंत ते निम्म्यावर येते.
– नव्या भुकटीचा पहिलाच आकडा कमी येतो. काही वेळा तर भुकटी घातल्यावर तेलातील डीबीटी आधीपेक्षा जास्त दिसते.
– साच्यासह, म्हणजे डीबीटीचे रेणू आत ठेवून, केलेले पॉलिमर (एमआयपी) आणि साच्याविना केलेले पॉलिमर (एनआयपी) सारखेच आकडे देतात.
– चुंबक लावूनही वरचे तेल निवळत नाही, चहाच्या रंगाची झाक राहते.
– ऑक्टेनमध्ये डीबीटी विरघळवून केलेल्या नमुना-तेलात सगळे ठीक चालते, खऱ्या तेलात मात्र काहीच होत नाही.

दुसरे लक्षण, म्हणजे डीबीटी वाढलेले दिसणे, पाहून विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात. प्रत्यक्षात हेच लक्षण सर्वांत लवकर उलगडते.

पहिली तपासणी: आकडेमोड

हिला खर्च नाही, म्हणून ती पहिली. "पाचशे पीपीएम" (वजनाने दहा लाख भागांत पाचशे भाग) म्हणजे पाचशे पीपीएम गंधक की पाचशे पीपीएम डीबीटी, हे वहीत स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे. डीबीटीचा रेणुभार सुमारे १८४ आहे आणि त्यात गंधक ३२, म्हणजे वजनाने १७.४ टक्के. ऑक्टेनमध्ये ५०० पीपीएम गंधक हवे असेल, तर एक किलो तेलात सुमारे २.८७ ग्रॅम डीबीटी लागते. विद्यार्थी मात्र ५०० मिलिग्रॅम डीबीटी एक लिटर ऑक्टेनमध्ये विरघळवतात आणि बाटलीवर "५०० पीपीएम गंधक" अशी चिठ्ठी चिकटवतात. ऑक्टेनची घनता ०.७० असल्यामुळे त्या बाटलीत प्रत्यक्षात प्रतिकिलो ७११ मिलिग्रॅम डीबीटी, म्हणजे जेमतेम १२४ पीपीएम गंधक असते. मग दुसऱ्या कोणाच्या शोधनिबंधातील क्षमतेशी तुलना केली, की आपली भुकटी चौथ्या हिश्श्याचे काम करते असे वाटू लागते.

प्रतिलिटर आणि प्रतिकिलो यांची सरमिसळही इथेच सापडते. क्षमतेचे सूत्र साधे आहे: सुरुवातीची संहती वजा शेवटची संहती, गुणिले तेलाचे आकारमान, भागिले भुकटीचे वजन. संहती प्रतिकिलो असेल तर आकारमानाच्या जागी तेलाचे वजन घ्यावे लागते. इतके करूनच काही तक्रारी मिटतात.

दुसरी तपासणी: भुकटीविना बाटली

प्रत्येक फेरीत एक बाटली अशी ठेवावी, जिच्यात तेच तेल असेल, तेच झाकण, तोच शेकर आणि तेवढाच वेळ असेल, पण भुकटी नसेल. या बाटलीतील डीबीटी सुरुवातीइतकेच राहिले पाहिजे. तसे राहिले नाही, तर दोष भुकटीचा नाही.

आपल्याकडे हे बाष्पीभवनामुळे घडते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी किंवा नांदेडमध्ये बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी चाळिशीच्या आसपास तापमान असते. अशा खोलीत सैल झाकणाच्या बाटलीतून हेक्झेन तर उडतेच, ऑक्टेनही थोडे उडते. डीबीटीचा उत्कलनबिंदू ३३२ अंश असल्याने ते मागे राहते आणि तेल आटल्यामुळे त्याची संहती वाढते. दहा मिलिलिटर तेलातून अर्धा मिलिलिटर उडाले, तर भुकटीने खरोखर वीस टक्के डीबीटी काढलेले असूनही वहीत सोळा टक्केच दिसते. उपाय सोपा आहे: टेफ्लॉनचा पदर असलेली झाकणे वापरावीत आणि शेकरवर चढवण्यापूर्वी व उतरवल्यानंतर प्रत्येक बाटलीचे वजन करावे. वजन एक टक्क्याहून अधिक घटले असेल, तर तो आकडा वापरू नये.

याच बाटलीतून गाळण्याचाही सोक्षमोक्ष लागतो. सिरिंजला लावायच्या काही गाळण्या स्वतःच थोडे डीबीटी धरून ठेवतात, त्यामुळे भुकटीची क्षमता फुगते. तेच तेल गाळून आणि न गाळता असे दोन्ही प्रकारे मोजावे. पीटीएफईची (टेफ्लॉनची) गाळणी घ्यावी आणि गाळलेल्या द्रवाचा पहिला मिलिलिटर टाकून द्यावा.

तिसरी तपासणी: पंपावरचे डिझेल

"खऱ्या नमुन्यात काहीच फरक पडत नाही" असे सांगणाऱ्याला मी प्रथम विचारतो की खरा नमुना आणला कुठून. उत्तर बहुधा "पंपावरून" असे येते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण-मानकाचे) इंधन विकले जाते आणि त्यात गंधकाची कमाल मर्यादा १० पीपीएम आहे. त्याआधी बीएस-४ मध्ये ती ५० आणि बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५० होती. म्हणजे आज पंपावरून आणलेल्या डिझेलमधील बहुतेक गंधक तेलशुद्धीकरण कारखान्याने हायड्रोजन आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरक वापरून, तीनशे अंशांच्या वर, मोठ्या दाबाखाली आधीच काढलेले असते. जे थोडे उरते, त्यात ४,६-डायमिथाइल डीबीटीसारखे अडेलतट्टू रेणू असतात, कारण त्यांच्या गंधक-अणूच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट आड येतात आणि उत्प्रेरकाला तिथवर नीट पोहोचता येत नाही. अशा तेलात साध्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्य मोजणाऱ्या) यंत्रावर आधी आणि नंतर यांतील फरक शोधणे व्यर्थ आहे, कारण फरक यंत्राच्या मापन-मर्यादेच्या आसपासच असतो.

त्यामुळे पंपावरच्या डिझेलमध्ये ज्ञात प्रमाणात डीबीटी मिसळून चाचणी घ्यावी आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिहावे. जास्त गंधकाचा अस्सल नमुना हवा असेल, तर औद्योगिक भट्टीचे तेल किंवा टायर हवेविना तापवून काढलेले तेल असते. पण त्या तेलांबद्दलचा इशारा शेवटी दिला आहे, तो वाचल्याशिवाय ती प्रयोगशाळेत आणू नयेत.

चौथी तपासणी: भुकटी कोरडी आहे का

बाटलीचे झाकण उघडून हाताने हवा नाकाकडे ओढून पाहावी. व्हिनेगरसारखा वास आला, तर भुकटीत ॲसेटिक आम्ल आहे. वास नसला तरी पन्नास-शंभर मिलिग्रॅम भुकटी अचूक तोलून, निर्वात ओव्हनमध्ये ६० अंशांवर रात्रभर ठेवून पुन्हा तोलावी. वजन दोन-तीन टक्क्यांनी घटले, तर तिच्यात पाणी किंवा मिथेनॉल होते.

याला इतके महत्त्व का, ते नीट समजून घ्यावे. बहुतेक भुकट्यांत मेथाक्रिलिक आम्ल हा मोनोमर (ज्याचे रेणू जोडून पॉलिमर बनते तो घटक) असतो. त्याचे कार्बॉक्सिल गट पोकळीत डीबीटीच्या गंधकाशी जे बंध करतात, ते मुळातच दुबळे असतात. त्यांना सुगंधी कड्यांच्या (बेन्झीनसारख्या वलयांच्या) परस्पर आकर्षणाची थोडी जोड मिळते, इतकेच. पाणी, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल हे तिन्ही रेणू त्याच कार्बॉक्सिल गटांशी कितीतरी घट्ट बंध करतात. ते आधीच जाऊन बसले असतील, तर ऑक्टेनमधून आलेल्या डीबीटीला जागा सापडत नाही. मे महिन्यात उत्तम चाललेली भुकटी ऑगस्टमध्ये चालत नाही, अशी तक्रार आली की मी दुसरे काही विचारण्याआधी डेसिकेटरमधील सिलिका जेलचा रंग विचारतो. निळे जेल गुलाबी झालेले असेल, तर ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करावे आणि मगच भुकटी आत ठेवावी.

पाचवी तपासणी: चुंबक, रंग आणि हरवलेले वजन

वापरागणिक क्षमता घटत असेल, तर भुकटीचे वजनही घटते आहे का, हे कोणी सहसा पाहत नाही. प्रत्येक वापरानंतर चुंबकाने भुकटी ओढून तेल ओतून देताना बारीक कण तेलाबरोबर निघून जातात. पाच वापरांनंतर पन्नासऐवजी अडतीस मिलिग्रॅम भुकटी उरलेली असते आणि आकडेमोडीत मात्र पन्नासच धरलेले असतात. अशा वेळी भुकटीची क्षमता कायम असते, फक्त भुकटी कमी झालेली असते.

वरचे तेल काचेच्या बाटलीत पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावे. झाक दिसली, तर निओडिमियमचा मोठा चुंबक बाटलीच्या कडेला लावून ती पाच-दहा मिनिटे हात न लावता ठेवावी आणि पुन्हा पाहावे. झाक चुंबकाच्या बाजूला गोळा होऊन बाकीचे तेल निवळले, तर कण फक्त बारीक आहेत आणि त्यांना अधिक वेळ हवा आहे. झाक जागची हलली नाही, तर पॉलिमरचे तुकडे गाभ्यापासून सुटलेले आहेत. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये तासन् तास ठेवण्याची सवय याला कारणीभूत असते. भुकटी विखुरण्यासाठी दोन-तीन मिनिटे पुरेशी होतात.

रंगही पाहावा. काळी भुकटी तपकिरी झाली, तर मॅग्नेटाइटचे मॅग्हेमाइट झाले आहे. तेही चुंबकीयच असते, त्यामुळे काम चालते. वीट-रंगाची झाली, तर हेमटाइट तयार झाले आहे, जे चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ती भुकटी परत काळी होत नाही. आणखी एक छोटी गोष्ट: निओडिमियमचे साधे चुंबक ८० अंशांच्या वर तापले की कायमचे दुबळे होतात. गरम पट्टीवर किंवा ओव्हनमध्ये विसरलेला चुंबक बदलावा. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे चुंबक हाताळू नयेत.

सहावी तपासणी: साचा खरोखर निघाला आहे का

या तपासणीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो, कारण अडचणीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. पॉलिमर तयार होताना डीबीटीचे रेणू साचा म्हणून आत अडकवलेले असतात आणि ते बाहेर काढल्यावरच पोकळी रिकामी होते. खोलीत आधीचा भाडेकरू सामानासह बसून असेल, तर नवा आत येऊ शकत नाही. इथेही तसेच होते. इतकेच नव्हे, तर आतला जुना डीबीटी हळूहळू तेलात उतरतो आणि त्यामुळेच भुकटी घातल्यावर डीबीटी वाढलेले दिसते.

चाचणी अशी घ्यावी. पन्नास मिलिग्रॅम कोरडी भुकटी दहा मिलिलिटर स्वच्छ ऑक्टेनमध्ये, ज्यात डीबीटी अजिबात नाही, रात्रभर हलवावी आणि सकाळी ते ऑक्टेन तपासावे. त्यात प्रतिलिटर १० मिलिग्रॅम डीबीटी आढळले, तर प्रत्येक ग्रॅम भुकटीतून २ मिलिग्रॅम साचा बाहेर आला. तीच चाचणी टोल्युइन घेऊनही करावी, कारण टोल्युइनमध्ये पॉलिमर फुगते आणि खोलवर अडकलेला डीबीटीही सुटतो. टोल्युइनमधील आकडा बराच मोठा आला, तर धुणे अर्धवट राहिले आहे, असे खात्रीने समजावे.

आता हे धुणे अर्धवट का राहते, ते पाहू. सर्वत्र लिहिलेली पद्धत म्हणजे सॉक्सलेटमध्ये (द्रावकाची वाफ थंड करून भुकटीवर पाडणारे आणि द्रव भरला की सायफनने तो परत फ्लास्कमध्ये उतरवणारे काचेचे उपकरण) मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल ९:१ प्रमाणात घेऊन २४ ते ४८ तास धुणे. या पद्धतीत एक अडचण आहे, जी विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते आणि ॲसेटिक आम्ल ११८ अंशांना. फ्लास्कमधून वर जाणारी वाफ त्यामुळे बहुतांश मिथेनॉलची असते. आम्ल खाली फ्लास्कमध्येच राहते आणि थिंबलमधील (सच्छिद्र नळकांड्यातील) भुकटीपर्यंत त्याचा अल्प अंश पोहोचतो. शिवाय गरम मिथेनॉलमध्ये ॲसेटिक आम्लाचे हळूहळू एस्टर होत जाते, ते निराळेच. म्हणजे ज्या आम्लाने पोकळीतील बंध तोडायचे, ते भुकटीला नीट भेटतच नाही.

त्यात आपल्याकडची परिस्थिती भर घालते. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी चाळीस अंशांपर्यंत तापलेले असते आणि त्याने मिथेनॉलची वाफ पुरती थंड होत नाही. बोअरच्या जड पाण्याचा क्षार कंडेन्सरच्या बाहेरच्या नळीत साचतो आणि थंडावा आणखी घटतो. वीज गेली की सायफन थांबतो आणि भुकटी अर्ध्या भरलेल्या थिंबलमध्ये जुन्याच द्रवात बसून राहते. शिवाय ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात ४८ तास नळ सोडून कंडेन्सर चालवणे मला मान्यही नाही. वहीत "४८ तास" लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात सायफन किती वेळा फिरला, हे कोणालाच ठाऊक नसते.

यावर मी जो मार्ग सुचवतो, तो भुकटीच्या चुंबकीय गुणाचाच फायदा घेतो आणि त्याला कंडेन्सरही लागत नाही. झाकणबंद बाटलीत भुकटी प्रथम टोल्युइनमध्ये दोन तास हलवावी, चुंबकाने ओढून द्रव ओतून द्यावा. मग ९:१ मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात दोन ते तीन तास हलवून पुन्हा तसेच करावे. इथे आम्ल थेट भुकटीला भिडते. ही जोडी पुन्हा पुन्हा करत जावी आणि प्रत्येक वेळी ओतलेल्या टोल्युइनचा थोडा भाग तपासणीसाठी ठेवावा. सलग दोन वेळा त्यात डीबीटी दिसले नाही, म्हणजे धुणे झाले. घड्याळावरून ते कधी ठरवू नये. त्यानंतर केवळ मिथेनॉलने आम्लाचा वास जाईपर्यंत धुवावे आणि निर्वात ओव्हनमध्ये सुकवावे. वीज मध्येच गेली, तरी या पद्धतीत नुकसान होत नाही. बाटली बंद असते, पुढची फेरी नंतर करता येते. हे सारे फ्यूम हूडखाली करावे, कारण मिथेनॉल आणि टोल्युइन दोन्ही विषारी आणि ज्वलनशील आहेत.

पहिल्या लक्षणासाठी, म्हणजे वापरागणिक घटणाऱ्या क्षमतेसाठी, हाच उपाय लागू पडतो. दोन वापरांच्या मध्ये भुकटी नुसत्या मिथेनॉलने झटपट खंगाळून पुढच्या तेलात टाकली जाते, तेव्हा मागचे डीबीटी पुरते निघालेले नसते आणि मिथेनॉलही सुकलेले नसते.

इथेच लोहाची एक छोटी चाचणी करून घ्यावी. ओतलेल्या आम्लयुक्त मिथेनॉलचे दोन मिलिलिटर बशीत सुकवून त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि मग पोटॅशियम थायोसायनेटचे काही थेंब टाकावेत. रक्तासारखा लाल रंग उमटला, तर आम्ल गाभ्यातील लोह विरघळवते आहे, म्हणजे सिलिकाचा थर सलग बसलेला नाही. फिकट गुलाबी छटा मी दुर्लक्षून पुढे जातो. गडद लाल आली, तर मात्र धुणे थांबवून थेट आठव्या तपासणीकडे जावे.

सातवी तपासणी: तापमान आणि मोजणीचे यंत्र

अशा प्रकारचे अधिशोषण (रेणू पृष्ठभागावर धरून ठेवणे) बहुधा उष्णता सोडणारे असते, म्हणून तापमान वाढले की क्षमता घटते. डिसेंबरातील वीस अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा मेमधील अडतीस अंशांच्या आकड्याशी ताडून भुकटी जुनी झाली असे ठरवू नये. तापमान स्थिर ठेवणारा शेकर नसेल, तर निदान दोन्ही भुकट्या एकाच दिवशी, शेजारी-शेजारी ठेवून तपासाव्यात.

गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजणी असेल, तर ओव्हनचे शेवटचे तापमान पुरेसे आहे का, ते पाहावे. डीबीटी उशिरा बाहेर पडते. तापमान कमी पडले तर ते कॉलममध्ये रेंगाळते आणि पुढच्या नमुन्यात उमटते. दोन नमुन्यांच्या मध्ये नुसते ऑक्टेन टोचून शिखर येते का, हे पाहणे पुरेसे आहे. ज्वाला-प्रकाशमापी डिटेक्टर असेल, तर त्याचा प्रतिसाद गंधकाच्या संहतीच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढतो, सरळ रेषेत नव्हे. तिथे सरळ रेषेचे कॅलिब्रेशन वापरले की कमी संहतीचे सगळे आकडे चुकतात. शिवाय त्याच वेळी बाहेर पडणारे हायड्रोकार्बन हा संकेत दाबून टाकतात. वर्णपटमापीवर अतिनील किरणांत मोजत असाल, तर खऱ्या डिझेलमधील इतर सुगंधी संयुगेही त्याच पट्ट्यात शोषण करतात, म्हणून ती पद्धत नमुना-तेलापुरतीच मर्यादित ठेवावी.

आठवी तपासणी: संश्लेषण

इथवर सर्व काही ठीक निघाले, तरच संश्लेषणावर संशय घ्यावा. एमआयपी आणि एनआयपी सारखेच आकडे देत असतील, तर आधी कमी संहतीत तुलना करून पाहावी, कारण जास्त संहतीत पृष्ठभागावर कुठेही चिकटणारे डीबीटी इतके असते की पोकळ्यांचा वाटा झाकला जातो. सोबत फ्लुओरीन (fluorene) या हायड्रोकार्बनवर चाचणी घ्यावी; हे फ्लोरिन मूलद्रव्य नव्हे. त्याचा आकार डीबीटीसारखाच असतो, पण गंधकाच्या जागी कार्बन असतो. भुकटी दोन्ही सारखेच धरत असेल, तर तिच्यात निवड करण्याची शक्ती नाही.

मग कारणे शोधावीत. संश्लेषण मिथेनॉलमध्ये किंवा ओलसर द्रावकात केले असेल, तर साचा आणि मोनोमर यांचे दुबळे बंध टिकलेच नसतील, टोल्युइन बरे. मोनोमरमध्ये साठवणुकीसाठी घातलेला अवरोधक अल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून काढला होता का? नायट्रोजन पुरेसा सोडला होता का? ऑक्सिजन राहिला तर बहुलीकरण उशिरा सुरू होते आणि अर्धवट राहते. आणि आमच्या भागात सर्वांत संशयास्पद वस्तू म्हणजे एआयबीएन हा आरंभक. तो फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचा असतो आणि एप्रिल-मेमध्ये कुरियरच्या गाडीतून दोन दिवस उन्हात येतो. म्हणून मी तो हिवाळ्यातच मागवायला सांगतो. टीईओएसची (ज्यापासून सिलिकाचा थर चढवतात त्या टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेटची) बाटली पावसाळ्यात वारंवार उघडली की त्यातील द्रव हवेतील ओलीने जेल होऊ लागतो. तळाशी गढूळ थर दिसला तर ती वापरू नये, कारण सिलिकाचा थर तिथेच फसतो आणि वरची लोह-चाचणी लाल येते. मॅग्नेटाइट धुताना बोअरचे पाणी वापरू नये. कणांवर क्षार बसतात.

खऱ्या तेलाची मर्यादा

नमुना-तेलात चालणारी भुकटी खऱ्या तेलात चालत नाही, तेव्हा बहुधा बिघाड काहीच नसतो. बीएस-६ डिझेलमध्ये बहुकडीय सुगंधी संयुगांना आठ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे प्रतिकिलो ऐंशी हजार मिलिग्रॅम. आणि गंधक दहा मिलिग्रॅम. हे सारे सुगंधी रेणू त्याच पोकळ्यांसाठी स्पर्धा करतात. कार्बॅझोलसारखी नायट्रोजनयुक्त संयुगे आकाराने डीबीटीच्या जवळची आणि बंध करण्यात अधिक तरबेज असतात. ऑक्टेनमध्ये थोडे टोल्युइन, मग थोडे नॅप्थलीन, मग थोडे कार्बॅझोल अशी भर घालत क्षमता कुठे कोसळते, ते टिपावे. ते निरीक्षण प्रबंधात लिहिण्यासारखे आहे. ते लपवू नये.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

क्रोमॅटोग्राफची ज्वाला लागत नसेल, हायड्रोजनच्या नळीतून गळती असल्याची शंका असेल, किंवा डिटेक्टर उघडण्याची वेळ आली असेल, तर सिलिंडरचा झडप बंद करून कंपनीच्या सेवा-अभियंत्याला बोलवावे. विद्यार्थ्यांनी किंवा प्रयोगशाळेतील मामांनी डिटेक्टर उघडू नये.

एआयबीएनचा डबा उन्हात तापलेला, फुगलेला किंवा गोळे झालेला आढळला, तर तो उघडू नये, खरवडू नये, तापवू नये. विघटनात नायट्रोजन वायू आणि विषारी संयुग तयार होते. विभागप्रमुखांना कळवून घातक कचरा हाताळणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा.

सॉक्सलेट लावलेलेच असेल, तर ते रात्री एकटे सोडू नये. टाकी रिकामी होऊन कंडेन्सरचे पाणी थांबले आणि मँटल (फ्लास्क तापवणारे उपकरण) चालूच राहिले, तर मिथेनॉलची वाफ खोलीभर होते. पेट्रोल किंवा डिझेलचा अंश असलेली भुकटी साध्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये. आधी द्रावकाने धुऊन हूडखाली सुकवावी.

टायरचे किंवा भट्टीचे तेल आणायचे असेल, तर तेलाच्या विश्लेषणाचा अनुभव असलेल्या मार्गदर्शकाशिवाय ते उघडू नये. त्यात कर्करोगकारक बहुकडीय संयुगे आणि कमी उष्णतेत पेट घेणारे अंश दोन्ही असतात. आणि कोणी ट्रॅक्टरच्या किंवा जनरेटरच्या टाकीत ही भुकटी टाकून पाहू का, असे विचारले, तर स्पष्ट नकार द्यावा. हे बारीक कण गाळणीतून सुटून इंजेक्टर खराब करतात, आणि पंपावरच्या तेलातील गंधक आधीच मर्यादेत असते.

साचा पुरता निघाला, भुकटी कोरडी आहे, मोजणी बरोबर आहे, आणि तरीही दोन वेगवेगळ्या वेळी केलेल्या भुकट्या कमीच आकडे देत असतील, तर पुढचा शोध आपल्या प्रयोगशाळेत लागत नाही. पृष्ठफळ, चुंबकनशक्ती आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे यांसाठी विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्राकडे नमुने पाठवावेत. एमआयपी, एनआयपी, पॉलिमर चढवण्यापूर्वीचे सिलिकायुक्त कण आणि नुसते मॅग्नेटाइट असे चारही नमुने एकत्र पाठवावेत, कारण एकट्या एमआयपीच्या आकड्यावरून थर कुठे फसला ते कळत नाही. प्रत्येक बाटलीवर सुकवण्याचे तापमान, शेवटच्या टोल्युइन धुण्यात आढळलेले डीबीटी आणि लोह-चाचणीचा रंग लिहावा; तिथले तंत्रज्ञ पहिल्यांदा हेच तीन प्रश्न विचारतात.